पळसाच्या शेंड्यावरचा कोतवाल

फार पूर्वी एका माळरानावर राखणीचं काम कोतवाल पक्ष्याकडे होतं. पळसाच्या शेंड्यावरून तो "ससाणा आला!" असं ओरडला की चिमण्या, तित्तिर, ससे झटकन लपत. सगळे इतकं कान देऊन ऐकतात म्हणून त्याच शेंड्यावरून तो घरचंही सांगू लागला. बाभळीवरच्या घरट्यात तिसरं पिल्लू अंड्यातून आलं, बायको दुपारी ओढ्यावर जाते, सगळं सगळं.

एके दिवशी एका अनोळखी कावळ्यानं खालून विचारलं, "म्हणजे दुपारी बाभळीवर पिल्लं एकटीच असतात म्हणा!"

"हो ना," कोतवाल बोलून गेला आणि मग आपण काय सांगून बसलो ते त्याला उमगलं. कावळा तोवर उडालाही होता. खाली चिमण्या दाणे टिपत होत्या. पहारा सोडवेना, जागेवर बसवेना. या फांदीवरून त्या फांदीवर तो नुसता तळमळत राहिला. शेवटी "लपा रे!" असं ओरडून तो घराकडे झेपावला.

त्यानं कावळ्याला टोचून टोचून पिटाळलं, पण घरट्यात दोनच पिल्लं उरली होती.

"त्याला माझी ओढ्यावर जायची वेळ कशी कळली हो?" बायकोनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तित्तिरानं पळसाखालून हाक मारली, "कोतवालदादा, पिल्लं काय म्हणतात?"

"उत्तरेकडून ससाणा येतोय," कोतवाल म्हणाला. "झुडपात जा."