जहागीरदारांच्या ताटातलं पथ्य

जहागीरदार रणोजीरावांचा भीम नावाचा कुत्रा इतका लठ्ठ झाला होता, की दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकी. रावसाहेब त्याला रोज स्वतःच्या ताटातलं श्रीखंड भरवत. आधीच्या वैद्याने ते बंद करायला सांगितलं, तर त्याला गाव सोडावं लागलं. मग जनावरांवर उपचार करणाऱ्या भागीरथीबाईंना बोलावणं आलं.

"बाई, भीमाला बरा करा. पण तो माझ्या ताटातलंच खाणार. त्यात मोडता घातलात, तर तुम्हीही गावाबाहेर!"

"छे हो सरकार, एवढी माया मी कशाला तोडू? भीम तुमच्याच ताटातलं खाईल. म्हणून आजपासून त्याचं पथ्य तुमच्या ताटात वाढायचं. बिनमिठाची उकडलेली कोंबडी आणि दुधी. तूप नाही, गोड नाही."

"आणि मी काय खाऊ?"

"त्याला भरवून उरेल ते. का सरकार, भीमासाठी एवढंही जमायचं नाही?"

सगळी सदर रावसाहेबांकडे बघू लागली. त्यांना नाही म्हणता येईना.

दिवाळीपर्यंत भीम सशामागे धावू लागला, आणि सैल झालेला कमरपट्टा सावरत रावसाहेब भीमामागे.