तांडेल धरलाय का?

शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. बंदरावरच्या शाळेचा पहिला मजला, भूगोलाचा वर्ग.

"...म्हणजे आम्ही जिंकलो की नाही, सर?" वेदश्रीने दुसऱ्यांदा विचारलं.

 चोगले सर दारात उभे होते. दार मिटू नये म्हणून त्यांनी उजव्या पायातली चप्पल खाली अडकवली होती. एक पाय अनवाणी.

खेळ संपून पाच मिनिटं झाली होती. खेळाचं नाव संकट-समिती. अकरावीची एक तुकडी आपलं मंत्रिमंडळ होते, दुसरी शेजारचा देश. सर एक कार्ड वाचतात, त्यावर संकट असतं. दीड तासात ते निवारायचं. निवारणाऱ्या तुकडीला पुण्याच्या अंतिम फेरीचं निमंत्रण. त्यासाठी एक छापील फॉर्म बारा वाजायच्या आत शाळेच्या संगणकावरून पाठवायचा. फॉर्मवर एकच वाक्य होतं, 'संकट निवारले', आणि त्याखाली परीक्षकाच्या सहीची जागा.

ती जागा कोरी होती.

वेदश्री राऊळ पंतप्रधान होती. वडिलांच्या बदलीमुळे दोन वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आली, आणि तेव्हापासून वक्तृत्वाची एकही ढाल तिने दुसऱ्या कोणाला मिळू दिली नव्हती. आजचं संकट तिने पंचाहत्तर मिनिटांत निवारलं होतं. मागच्या तीन वर्षांत दोन तुकड्यांनी अणुबॉम्ब टाकून खेळ संपवला होता. तिने एक गोळी झाडू दिली नाही.

कार्डावर सरांनी लिहिलं होतं : 'मासेमारी नौका हद्दीपलीकडे गेली. शेजारच्या देशाने पकडली. नौका एक, खलाशी सहा. दोन्हीकडचं आरमार निघालं आहे.'

तिने आरमार परत बोलावलं. त्यांनीही बोलावलं. नौका त्यांना ठेवू दिली, माणसं परत मागितली. करारावर दोन्ही पंतप्रधानांच्या सह्या झाल्या. शेजारची प्रयोगशाळा म्हणजे तुरुंग. तिथून नावं पुकारून खलाशी झालेली सहा मुलं सुटली आणि आता मागच्या बाकांवर बसून वडापाव खात होती.

"किती आले?" सरांनी विचारलं.

"सहा."

"गेले किती होते?"

"सहा, सर. कार्डावर तुम्हीच लिहिलंय."

"हो. अक्षर माझंच आहे."

"मग सही करा ना. पन्नास मिनिटं उरलीयत."

मागून कोणीतरी ओरडलं, "सर, दार लावू का? वारा येतोय, कागद उडतायत."

"राहू दे. एक जण यायचाय."

वेदश्रीने वर्गावर नजर फिरवली. सगळे तर इथेच होते.

"करिश्मा," सर म्हणाले, "तू यांना चिठ्ठी दिली होतीस ना?"

करिश्मा भानजी मंत्रिमंडळाची सल्लागार होती. तिचे वडील बोटीवर जातात, आजोबाही जायचे. ती बाकाकडे बघत म्हणाली, "दिली होती. फाइलमध्ये असेल."

वेदश्रीने फाइल उघडली. चिठ्ठी सापडली. निळ्या शाईत तीन शब्द : 'तांडेल धरलाय का?'

खाली लाल शाईत तिचंच उत्तर : 'हो. सगळेच धरलेत. वेळ घालवू नकोस.'

"मग?" वेदश्री म्हणाली. "तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, एवढं मला आता कळतं. त्यालाही धरलंच होतं त्यांनी. मी बरोबर उत्तर दिलं."

"अगं बाई!" करिश्मा उसळलीच. "धरलाय म्हणजे पकडलाय नव्हे. मोजलाय! सहात मोजलाय का, असं विचारलं मी. तांडेलाला खलाशी कोण म्हणतं? सहा खलाशी म्हणजे तांडेल धरून सात. आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं हे."

"मग तसं स्पष्ट लिहायचंस!"

"तूच म्हणालीस, चिठ्ठीत पाच शब्दांच्या वर नको. पंतप्रधानांना वेळ नसतो म्हणे."

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही...

वेदश्रीने सरांच्या अडकवलेल्या चपलेकडे पाहिलं. मग ती त्यांच्या बाजूने बाहेर पडली आणि प्रयोगशाळेत गेली.

शेवटच्या स्टुलावर नववीतली हर्षदा केणी बसली होती. मांडीवर डबा. झाकण उघडलेलं नव्हतं.

"ताई, मला सोडलं का?"

"तू... तू इथे काय करतेयस?"

"मी तांडेल आहे ना. सर म्हणाले, नाव पुकारल्याशिवाय उठायचं नाही. नाव पुकारलंच नाही."

"आणि ते सहा जण? जाताना काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. म्हणाले, तू मागून येशीलच."

वेदश्रीने तिचा हात धरला आणि तिला जवळजवळ ओढतच वर्गाच्या दारापर्यंत आणलं. उंबऱ्याशी चोगले सर होते. त्यांनी अडवलं नाही. फक्त विचारलं, "कोणत्या कागदावर आणतेस?"

"मी करार दुरुस्त करते. सहाचे सात करते. एका आकड्याचा तर प्रश्न आहे."

"ए, थांब थांब." शेजारच्या देशाचा पंतप्रधान निनाद वडापाव खाली ठेवून उठला. त्याला आता चांगलीच मजा येत होती. "आमच्याकडे सहाच होते. तुमच्याच सहीचा कागद आहे, मॅडम. सातवा आम्ही पाहिलाच नाही."

"ही समोर उभी आहे!"

"मला नाही दिसत."

"निनाद, डोळे फुटले का तुझे?"

"दिसत नाही म्हणजे नाही दिसत. लेखी पाठवा, कळवू."

पोरं खदखदली. हर्षदाही हसली. मग तिने वेदश्रीचा चेहरा पाहिला आणि डबा छातीशी धरला.

"खेळ आहे हा!" वेदश्रीचा आवाज चिरकला. "सर, सांगा ना त्याला. खेळ संपलाय ना?"

"संपलाय असं छापलेल्या कागदावर तू माझी सही मागतेयस," सर म्हणाले.

अकरा पस्तीस.

वेदश्री हरायला शिकलेली नव्हती. तिने फॉर्म टेबलावर आपटला.

"तुम्ही फसवलंत आम्हाला. मुद्दाम चुकीचं कार्ड लिहिलंत. सात लिहायला काय झालं होतं?"

सरांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढला. कार्बनची प्रत. शाई जांभळट झालेली. बोट निघताना मच्छीमार सोसायटीच्या कारकुनाने लिहून दिलेली नोंद होती ती. वर नौकेचा नंबर, एक शिक्का, आणि खाली दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात : 'नौका एक, खलाशी सहा.'

"मी नुसतं उतरवून घेतलं," सर म्हणाले.

"पण हा कागद...?"

करिश्मा हळू आवाजात म्हणाली, "धर्माकाका. सरांचा धाकटा भाऊ. तांडेल होता."

बंदरावर ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच बहुधा ती कोणी बोलत नसे. नऊ वर्षांपूर्वी बोट पलीकडे पकडली गेली. कारकुनाच्या कागदावरचा सहाचा आकडा तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून राजधानीत. चौदा महिन्यांनी सहा माणसं परत आली. स्टेशनवर बँड लावला होता. हार होते, फोटो होते, भाषण तर होतंच. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली : 'सर्व सहा खलाशी सुखरूप.' तिच्यात एकही शब्द खोटा नव्हता. आपल्या कार्यालयाने सांगितलं, सहा मागितले, सहा मिळाले. पलीकडच्या कार्यालयाने सांगितलं, सहा होते, सहा दिले. फाइल बंद झाली. फायली अशाच बंद होतात, दोन्ही बाजूंनी बरोबर. धर्माची बायको मृत्यूचा दाखला मागायला गेली, तेव्हा तिला सांगितलं, आधी तो बोटीवर होता याचा पुरावा आणा.

आणि त्या सहा जणांनी स्टेशनवर उतरल्या उतरल्या तिला सांगितलं होतं, तांडेलाला वेगळं ठेवलं होतं, तो मागच्या गाडीने येतोय.

निनादने वडापावचा कागद चुरगळून मुठीत धरला होता. "सर..." तो म्हणाला, "मला ती दिसतेय. हर्षदा. दिसतेय मला."

"तुझ्या देशाला सांग," सर म्हणाले. रागाने नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. संगणकाची खोली खालच्या मजल्यावर होती. अजून वेळ होता. वेदश्रीला फॉर्म दिसत होता, कोरी जागा दिसत होती. आणि तरीही तिच्यातली वाद जिंकणारी मुलगी एकदा शेवटची उठली.

"पण सर, तुम्ही तर शिक्षक. तुम्हाला सगळं कळत होतं. तेव्हाच का नाही विचारलंत? एक फोन करून?"

करिश्माने तिचा दंड धरला. "वेदश्री, गप."

"विचारू दे तिला," सर म्हणाले. "मी केला होता फोन, जिल्ह्याच्या कार्यालयात. बोट पकडल्याच्या चौथ्या दिवशी. तीन तासांनी लागला."

"काय विचारलंत?"

सरांनी दाराशेजारच्या टेबलावरची चिठ्ठी उचलली. निळ्या शाईतल्या तीन शब्दांखालून बोट फिरवलं. चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली.

वेदश्रीने ती वाचली. पहिल्यांदाच वाचत असावी तशी.

"हेच?"

"हेच. शुद्ध मराठीत."

"मग... काय म्हणाले?"

"हो म्हणाले. धरलाय." सर थांबले. "मी घरी आलो. धर्माची बायको ओट्यावर बसली होती. तिला सांगितलं, काळजी करू नकोस, धरलाय त्याला."

खाली पटांगणात कोणीतरी घंटेचा टोल दिला. शनिवारची शाळा सुटत होती. पोरं जिन्याने धडधडत गेली. या वर्गातलं मात्र कोणी उठलं नाही.

वेदश्रीने फॉर्म उचलला. दोन घड्या घातल्या. चिठ्ठी त्यात ठेवली आणि तिसरी घडी घातली. मग ती हर्षदाजवळ बाकावर बसली आणि तिच्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण काढून दिलं. हर्षदा खायला लागली.

बारा वाजले.

सर अजून दारातच होते. अनवाणी पाऊल त्यांनी दुसऱ्या पावलावर टेकवलं होतं. फरशी गार असावी.

"सर," वेदश्री म्हणाली.  "धरलाय म्हणाले ते... कशात धरलाय?"

सरांनी आधी चपलेकडे पाहिलं, मग रिकाम्या व्हरांड्याकडे.

"नऊ वर्षं झाली, पोरी. ते अजून कोणी सांगितलेलं नाही."