बिनमिरचीचं गाव

"चाळीस दिवस, बाबा! एका माणसानंही मला ओळखलं नाही. आता तरी म्हणाल ना, की चेला तयार झाला?"

सटवाजी रायरंद अंगणात बसून अंबाडीची खोटी दाढी विंचरत होता. त्यानं मान वर केली नाही.

विचारणारा काही असातसा नव्हता. संस्थानच्या दरबारात तो इंग्रजांचा वकील होता. खुद्द राजेसाहेब त्याला उठून आसन देत. नाव थॉर्नबी; लोकांच्या तोंडी त्याचा ठोंबेसाहेब झाला होता, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. पण खलिते-तहनाम्यांत त्याचा जीव रमत नसे. तो अडकला होता बायकांच्या ओव्यांत, हळदीच्या गाण्यांत. पंचाईत अशी, की साहेब दिसला की बायका पदर ओढून गप्प! म्हणून या म्हाताऱ्या बहुरूप्याच्या पायाशी बसून तो वर्षभर सोंग शिकला, आणि उन्हाळ्याच्या रजेत गोसावी होऊन कडेवाडीच्या देवळात राहून आला.

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सटवाजीनं बजावलं होतं, "हितं तू साहेब न्हाईस. मी अरे-तुरे करणार." साहेबाला त्या अरे-तुरेचं फार सुख वाटे.

आज त्याच्या मांडीवर कागदांचं बाड होतं. दोनशे ओव्या. उद्याच्या टपालानं ते मुंबईला जायचं, तिथून गलबतानं विलायतेला, छापायला. पहिल्या पानावर त्यानं लिहिलं होतं: 'ही गाणी कुणी साहेबाला ऐकवलेली नाहीत, म्हणून ती खरी आहेत.' साऱ्या पुस्तकाचा डोलारा त्या एका वाक्यावर उभा होता.

"जेवणाचं कसं काय व्हतं रं?" सटवाजीनं विचारलं.

"उत्तम. झोळीत रोज भाकरी पडे. वर लोटाभर दूध."

"गोसाव्याला? रोज दूध?"

"लोक फार श्रद्धाळू आहेत."

"आन् कालवण?"

"तेही सोसलं. पहिल्या दिवशीची आमटी तेवढी तिखट होती, सणाची असावी; एरवी तिकडे मिरची खात नाहीत. मी तसं लिहिलंही आहे, तिसऱ्या प्रकरणात."

सटवाजीचा हात थांबला. दाढी त्यानं मांडीवर ठेवली.

"कडेवाडीत मिरची खात न्हाईत?"

"सणाखेरीज अजिबात नाही."

"आरं, आख्ख्या पेठंत मिरची येती ती कडेवाडीची! तिथलं तान्हं पोर मिरचीचा ठेचा चाटून मोठं हुतंय."

साहेबानं बाड नकळत छातीशी धरलं.

"परवाच्या बाजारात मला भिवराक्का भेटली," सटवाजी म्हणाला. "देवळाशेजारची. इचारत व्हती, तुमच्या साहेबाचं प्वाट आता बरं हाय का. पयल्या दिशी आमटी खाऊन रातभर वड्याला पळत व्हता म्हनं. दुसऱ्या दिसापासनं तुझ्या वाट्याचं कालवण सारा गाव येगळं शिजवायचा. घरोघर. पाळ्या लावून."

"...पहिल्या दिवसापासून?"

"वेशीतनं आत आलास तवापासनं."

"पण माझे घारे डोळे... मी कोकणातला म्हणून सांगितलं होतं. त्यांनी मान्य केलं!"

"केलं की. त्यांचं काय जातंय?"

साहेबाचा चेहरा पडला. मग त्याला एकेक आठवू लागलं. पानं उलटत तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "त्यांची दळायची जाती देवळाच्या भिंतीला लागून असतात. ते तरी खरं ना?"

"भिवराक्काचं जातं परसात असतंय. चौघांनी उचलून देवळाच्या भिंतीपाशी आणलं. तुला नीट ऐकू यावं म्हनून."

"आणि प्रत्येक ओळ दोनदा म्हणतात, ते? आधी संथ, मग नेहमीच्या चालीवर? मी त्यावर अकरा पानं लिहिली आहेत, बाबा! फार जुनी चाल असावी, असं..."

"तू घोंगडीखाली लिवत व्हतास न्हवं? हात मागं पडायचा तुझा. घोंगडी हलायची थांबली, की बाया फुडं जायच्या."

दारातली शेळी पाला ओढत होती.

मग साहेबाला राग आला. ज्यानं मोठमोठ्या तहांवर सह्या करताना भुवई हलवली नव्हती, तो माणूस ओरडू लागला.

"अख्ख्या गावानं मिळून मला मूर्ख बनवलं! ओळखलं होतं, तर बोलले का नाहीत?"

"मी हवालदाराचं सोंग घेतो आन् गावात शिरतो," सटवाजी शांतपणे म्हणाला. "पाटलाचा हात धरतो. म्हंतो, चल चावडीवर. पाटील मला वळखत न्हाई? त्याच्या बापाच्या येळेपासनं येतोय मी! तरी बी त्यो हात जोडतो. 'हवालदारसाहेब, गरिबाला सोडा' म्हंतो. कशापायी?"

साहेब पुटपुटला, "सोंग मोडू नये म्हणून."

"व्हय. गावात आल्या सोंगाचा मान असतोय."

"पण माझं पुस्तक गेलं! ही गाणी त्यांनी साहेबालाच ऐकवली. म्हणजे सगळी खोटी. एकही खरं नाही." त्यानं बाडाची गाठ सोडली. चूल दारातच पेटलेली होती. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"जाळ की," सटवाजी म्हणाला. "पर त्याच्या आदी त्यातलं तुला लई गोड लागलेलं एक म्हनून दाव."

साहेबाला पान शोधावं लागलं नाही. भिवराक्काची ती ओवी त्याला पाठ होती. त्यानं ती आपल्या पुस्तकी उच्चारांत, अडखळत, पण चालीवर म्हटली:

"दूरदेशीच्या माउली, नको जिवाला घोर बाई,
माझ्या दारात जेवतो, लेक तुझा उपाशी न्हाई."

आणि सवयीनं पुढची टीपही सांगून टाकली, "ही कौसल्येला उद्देशून आहे. राम वनवासात असताना."

सटवाजी हसला नाही. त्यानं अगदी हळू विचारलं, "तुझी आई हाय का रं?"

"आहे."

"कुठं?"

"विलायतेत."

"किती लांब म्हनायचं ते?"

"गलबतानं चार-पाच महिने..."

साहेब मध्येच थांबला. त्यानं ओवीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. चाळीस दिवस ती म्हातारी पहाटे उठून दळत होती, आणि हा गडी घोंगडीखाली कौसल्या लिहीत होता... त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं ते पुसलंही नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं बाडातलं फक्त पहिलं पान काढलं आणि चुलीत टाकलं. बाकीचं बाड पुन्हा बांधलं, लहान मुलाला गुंडाळावं तसं जपून.

मग एकदम उठला.

"घोडा मागवतो. आत्ताच्या आत्ता कडेवाडीला जातो. भिवराक्काचे पाय धरतो. साऱ्या गावाला चावडीवर बोलावतो आणि सांगतो, तो गोसावी मीच होतो, तुम्ही मला ओळखलं होतंत, मला सगळं कळलंय..."

"बस खाली!"

एवढ्या मोठ्यानं सटवाजी वर्षभरात बोलला नव्हता. साहेब मटकन बसला.

म्हाताऱ्यानं अंबाडीची दाढी पुन्हा हातात घेतली. एक गुंता सोडवला. मग मायेनं म्हणाला,

"तुझं सोंग त्यांनी चाळीस दिस सांभाळलं. त्यांचं तुला एक दिस बी सांभाळवंना व्हय रं?"