लाखेखालचं रडणं

झाडं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. रानाच्या कडेला एक गाव होतं आणि गावात एक सुतार होता. त्या गावची रीत अशी, की लाकूड कोरण्याआधी सुतारानं प्रत्येक हत्यार त्यावर हलकेच फिरवायचं आणि कान द्यायचा. ज्याखाली लाकूड किरकिरेल ते बाजूला ठेवायचं, ज्याखाली गप्प राहील तेच उचलायचं.

आपल्या सुताराजवळ वडिलांची रुंद पटाशी होती. तिनं कोरलेला दरवाजा राजानं वाखाणला, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. चौकट असो की पळी, हाती तीच पटाशी.

त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. पहिली नात! सुतारानं हौसेनं पाळणा करायला घेतला. सगळा जमला, राहिली फक्त दोर ओवायची लाकडी कडी. तिचं आतलं वळण फार आवळ होतं.

"अहो, लाकडाला विचारलंत का?" बायको म्हणाली. "इथं बारीक गोल पटाशी लागेल."

"राजाच्या दरवाजाला चालली, ती या कडीला चालत नाही होय?" असं म्हणून त्यानं रुंद पटाशी वळणात घातली. तिचे कोपरे रुतले, कडीला चीर गेली आणि लाकूड तान्ह्या मुलासारखं किंचाळलं. सुताराच्या अंगावर काटा आला. पण बारसं तोंडावर आलेलं! त्यानं चिरेत लाख भरली आणि वरून रंग दिला.

बारशाच्या दिवशी भर दुपारी नातीला पाळण्यात घातलं. वारा पडला होता, दोरीला कुणाचा हात नव्हता, तरी पाळणा हलू लागला. मुलीनं रडायला तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज फुटेना. रडणं ऐकू येत होतं ते वरच्या कडीतून.

जमलेल्या बायका घराबाहेर पळाल्या. लेकीनं मुलीला उचलून उराशी धरलं. मुलगी मुकीच रडत राहिली, आणि रिकामा पाळणा तिच्या आवाजात रडत राहिला.

सुतार रानात धावला आणि पाळण्यासाठी तोडलेल्या झाडाच्या बुंध्यापुढे बसला. "माझं काय वाटेल ते कर, पण पोरीचा आवाज दे!"

बुंध्यातून उत्तर आलं, "तू माझं रडणं लाखेत कोंडलंस, मी तुझ्या नातीचं कोंडलं. माझ्या वळणात मावशील एवढा होऊन ये."

आपला सगळा ताठा त्या रुंद पटाशीत आहे, हे सुताराला उमगलं; ती घेऊन त्यानं थेट लोहाराची भट्टी गाठली. "ही पटाशी ठोकून करंगळीएवढी गोल कर."

"अरे, बापाची आठवण ना ती?"

"कर म्हणतो ना!" त्यानं स्वतःच पटाशी निखाऱ्यात खुपसली.

घरी येऊन त्यानं लाख खरवडली, नवी पटाशी हलकेच फिरवली आणि कान दिला. लाकूड गप्प होतं. मग दोन्ही कडांकडून तळाकडे तो जपून कोरत गेला. चीर संपली तसा कडीतून एक गार उसासा बाहेर पडला, आणि ओटीवर नात टाहो फोडून रडली. ते रडणं ऐकून लेक हसायलाच लागली.

पण कोरून कोरून कडी इतकी बारीक झाली होती, की त्याच्या हातातच मोडली. तो पाळणा पुन्हा कधी टांगला गेला नाही. मोडकी कडी सुतारानं कामाच्या जागी दारावर लावली. पुढे नात मोठी झाली, अंगणात खिदळू लागली. तरी सुताराचा हात चुकीच्या हत्याराकडे गेला, की त्या दारावरून तान्हं मूल हुंदका देई, आणि तो मुकाट्यानं हात मागे घेई.

तात्पर्य : हत्यार आपला मान पाहून नव्हे, कामाचं वळण पाहून उचलावं.