जसिंतेच्या विहिरीची कहाणी

ऐका गं बायांनो, कुजबुज पुरे. मेणबत्ती लागली आहे, लेकरं मांडीवर घ्या. ही कहाणी ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या शुक्रवारी सांगावी, आणि अर्धी टाकून उठू नये. का, ते कळेलच.

आटपाट गाव होतं. उशाला खाडी, पायथ्याला समुद्र, मधे केळीच्या वाड्या. तिथं दोघी जावा राहत. थोरली मोनी. तिचा नवरा वारलेला, पदरी मूल नाही. धाकटी जसिंता, तिचा नवरा पास्कू. दोन घरं, मधे एक विहीर. गावभर पाणी मचूळ, त्या विहिरीचं तेवढं गोड.

जसिंतेला पहिला मुलगा झाला. बाप्तिस्म्याच्या जेवणाला मोनीनं बाळ पाहिलं नि म्हणाली, "डोळे केवढे गं! या जगातले वाटत नाहीत." महिन्यात बाळ गेलं. जसिंता म्हणाली, "काळ्या जिभेची मेली, हिनंच खाल्लं माझं पोर." मग तिनं काय केलं? विहिरीला कुंपण घातलं. मोनीच्या बाजूच्या दाराला कडी लावली. दोर घरात नेऊन ठेवला. मोनी कोसभरावरून पाणी आणू लागली.

पुढं चार वर्षांनी जसिंता पुन्हा बाळंतपणाला अडली. तीन दिवस कळा, मूल येईना. भिंतीवरच्या येशूच्या कुरसाकडे पाहून म्हणाली, "देवा, पोर जगव. तू सांगशील ते करीन. मनापासून करीन, काही मागं ठेवणार नाही." मुलगी झाली. फिलू नाव ठेवलं. तीन वर्षं झाली, बोलले शब्द हिला आठवले नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. हसू नको गं, तू काय वेगळी आहेस?

मग उपासकाळ आला. पहिल्या शुक्रवारी भर दुपारी दारात एक म्हातारी आली. ना ओळखीची, ना पाळखीची. म्हणाली, "बाई, देवाचा निरोप आहे. विहिरीची कडी काढ. दोर मोनीच्या हाती दे. मोनीच्या हातून पोरीला पाणी पाज."

जसिंतेच्या अंगावर काटा आला. त्या बाईच्या हातून? माझ्या फिलूला? मग तिनं काय केलं? उपास धरला. अनवाणी चर्चला गेली. हातभर मेणबत्ती लावली. दारची कडी तशीच राहिली. घरी येऊन पाणी प्याली, तर पाणी मचूळ.

दुसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली. "बाई, बाई, देवाचं केलंस का?" "केलं." "सगळं केलंस का?" जसिंतेनं कडीकडे पाहिलं. म्हातारी गेली. मग जसिंतेनं कडी काढली, पण दोर गादीखाली लपवला. मोनी दारातून आत आली, नुसती विहिरीत डोकावली, रिकामी घागर घेऊन परत गेली. त्या दिवसापासून पाणी खारट झालं. केळीची पानं कडेनं करपली. फिलूला ताप भरला. "आई, गोड पाणी दे," म्हणून पोर रडू लागली.

तिसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली. "देवाचं केलंस का?" "केलं." "सगळं केलंस का?" जसिंतेनं गादीखालचा दोर काढून मोनीच्या ओट्यावर ठेवला. आणि धावत घरी येऊन फिलूला आतल्या खोलीत कोंडलं, मोनीची सावलीही पडू नये म्हणून. मग पाणी समुद्रासारखं कडू झालं. दोरावर मिठाचा पांढरा थर चढला. पास्कूनं लांबून गोड पाणी आणलं, ते उंबऱ्याच्या आत येताच खारं झालं. फिलूनं रडणं सोडलं. डोळे मिटले, ओठ फुटले, पाय गार पडले.

पास्कू म्हणाला, "अगं, मासळीबाजारात बसलीस का? देवाशी घासाघीस करतेस?"

जसिंता ओरडली, "तिच्या हातानं पोर मेली तर?"

पास्कू म्हणाला, "तुझ्या हातात मरते आहे, ती दिसत नाही?"

मग जसिंता उठली. कुठल्या म्हातारीची वाट पाहिली नाही. फिलूला उचललं, कुंपण ओलांडलं, मोनीच्या ओट्यावर गेली. ऐका बायांनो, भीती गेली नव्हती. भीती घेऊनच गेली. म्हणाली, "मोनीबाय, पाणी काढ. माझ्या लेकीला पाज."

मोनी मागं सरली. पदर तोंडावर घट्ट धरला. म्हणाली, "नको गं, नको देऊ माझ्याकडे. माझी जीभ काळी. तू म्हणालीस, गावानं म्हटलं, मग मलाही खरं वाटलं. तेव्हापासून एका लेकराशी बोलले नाही मी. मलाच माझी भीती वाटते."

जसिंतेच्या काळजात चर्र झालं. सात वर्षं, एका लेकराशी नाही! तिनं फिलूला मोनीच्या मांडीवर ठेवलं आणि हात काढून घेतले. म्हणाली, "पदर काढ. नावानं हाक मार तिला."

मोनीनं तोंडावरचा पदर काढला, फिलूला विहिरीच्या काठावर नेऊन निजवलं, दोर सोडला, घागर ओढली, ओंजळ भरली. ओंजळ पोरीच्या ओठांशी नेली. जसिंतेनं डोळे मिटले नाहीत. मोनी म्हणाली, "फिलू." आवाज फाटला. पुन्हा म्हणाली, "फिलू गं माझी." पोरीनं एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला डोळे उघडले नि म्हणाली, "गोड आहे."

मग कुंपण मोडून चुलीत घातलं. पाणी गोड झालं, केळी फुटल्या. ईस्टरच्या दिवशी म्हातारी दारात आली. "देवाचं केलंस का?" जसिंता बोलायच्या आधी मोनीच्या कडेवरून फिलू म्हणाली, "आजी, पाणी घे." म्हातारी ओंजळभर प्याली नि पुढं काही विचारलं नाही.

जसिंतेला जसं पाणी गोड झालं, तसं तुम्हांआम्हां होवो. तिनं देवाला जशी वाट पाहायला लावली, तशी कुणी न लावो. आता घरी जा, आणि आपापल्या दाराची कडी बघा. साठां घागरींची कहाणी एका ओंजळीत सुफळ संपूर्ण. आमेन.