धाकू कापोएरा शिकला

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा धाकू होता. गावात धाकू तीन होते. भोळा हा एकच.

त्याला एक थोरला भाऊ होता, भिवा. भिवा बर्फाचा टेम्पो चालवायचा. आईबाप नव्हते. भिवा भात टाकायचा, धाकू तो जेवायचा. असं छान चाललं होतं.

भिवाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी शेवंती, आप्पा मेस्त्रींची एकुलती एक. आप्पा होड्या बांधायचे. घरात बापलेक दोघंच. आप्पांना भिवा पसंत होता. धाकू पसंत नव्हता.

"एक घोटाळा झाला की सोयरीक मोडली," आप्पा म्हणाले. "त्याला कुठंतरी गुंतवून ठेव."

तेव्हा गावात इनास मास्तर आले होते. जहाजावर वीस वर्षं काढलेला माणूस. ब्राझीलच्या बंदरात ते एक खेळ शिकून आले होते. कापोएरा. अर्धा नाच, अर्धी मारामारी. माणसं रिंगण करून उभी राहतात, टाळ्या वाजवतात, गातात. एकजण वाळका भोपळा बांधलेलं एकतारी धनुष्य वाजवतो. मधे दोघं खेळतात. एक लाथ फिरवतो, दुसरा चुकवतो. कुणाला लागत नाही. लागलं तर मास्तर रागावतात.

भिवानं धाकूला मास्तरांच्या वर्गात घातलं. "मन लावून शिक," तो म्हणाला. "मास्तर सांगतील तस्सं कर."

हे सांगायला नको होतं.

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "कधीही एका जागी उभं राहायचं नाही. सारखं झुलत राहायचं. एक पाय मागं, मग दुसरा मागं."

"समजलं मास्तर," धाकू म्हणाला. "आता चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्याला हाक मारली. नव्या होडीची फळी कापायची होती. रेघ मारायला दोरीचं एक टोक धरणारा हवा होता.

"हे टोक धर. मी आलोच," आप्पा म्हणाले.

धाकूनं टोक धरलं. एक पाय मागं, मग दुसरा मागं. दोरी इकडं, दोरी तिकडं. आप्पांनी चष्मा लावला नव्हता. त्यांनी दोरीवरून रेघ मारली, रेघेवरून करवत चालवली. मग चष्मा लावला. फळी नागमोडी झाली होती.

"अरे, लाटा होडीच्या खाली असतात!" आप्पा ओरडले. "तू होडीतच घातल्यास!"

शेवंती दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. सोयरीक मोडता मोडता राहिली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, कुणी अंगावर येत नसताना कशाला हलायचं? शांत उभं राहावं. अंगावर काही आलं, तरच हलावं. तेव्हा अडवायचं नाही, धरायचं नाही. हसत खाली वाकायचं नि वाट मोकळी करून द्यायची."

"समजलं मास्तर. आता चुकणार नाही."

धाकू आठवडाभर वाकायला शिकला. इतका सुरेख वाकायचा की रिंगणातली माणसं वाहवा करायची.

आठवड्यानं साखरपुडा आला. आप्पांची बहीण आक्का लांबून येणार होती. भिवानं तिला टेम्पोतून आणलं. आक्का अंगानं भरलेली. टेम्पोच्या मागच्या बाजूनं उतरताना तिचा पाय घसरला. खाली धाकू उभा होता. शांत उभा होता.

"धर रे पोरा, धर!" आक्का ओरडली.

धाकूनं पाहिलं, अंगावर काहीतरी येतंय. तो हसला. खाली वाकला. वाट मोकळी करून दिली.

आक्का थेट वाळत टाकलेल्या जाळ्यांच्या ढिगात गेली. लागलं कुठंच नाही. पण तिला जाळ्यातून सोडवायला चार माणसं आणि अर्धा तास लागला. अंगठ्या तोवर थांबल्या.

"हसत होता मेला," आक्का सगळ्यांना सांगत होती. "मी पडतेय आणि हा हसतोय."

आप्पा भिवाला म्हणाले, "हे बघ, लग्नात हा नको."

भिवा म्हणाला, "धाकू नसेल त्या मांडवात मी उभा राहणार नाही."

आप्पांनी देवळाच्या कळसाकडं बघितलं. मग म्हणाले, "मग देवीला विचारू. ती हो म्हणाली तर लग्न."

इकडं मास्तर धाकूला म्हणत होते, "अरे मेल्या, माणूस पडला तर त्याला हात द्यायचा. उठवायचं. छातीशी धरायचं. मग पुढचा खेळ."

"समजलं मास्तर. आता चुकणार नाही."

सोमवारी सगळे देवळात गेले. त्या गावात कौल लावायची रीत आहे. गुरव देवीच्या मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पडेपर्यंत विचारणाऱ्यानं पालथं पडून राहायचं.

आप्पा साष्टांग पालथे पडले. पाकळी पडेना. पाच मिनिटं झाली. दहा झाली. डावी पाकळी जरा सुटल्यासारखी दिसू लागली. भिवाचं तोंड उतरलं.

धाकू मागून आला. बघतो तर आप्पा पडलेले. आणि एवढी माणसं असून हात कुणीच देत नव्हतं. धाकूला फार वाईट वाटलं. त्यानं आप्पांना काखेत धरून उचललं. उभं केलं. छातीशी धरलं.

आप्पांनी हवेत पाय झाडले. एक पाय समईला लागला, समई घंटेच्या साखळीला लागली, घंटा दणाणली. गुरव दचकला. त्याचा हात मूर्तीला लागला.

उजवी पाकळी पडली.

"होकार!" गुरव ओरडला. तोही घाबरला होता.

"हा कौल धरायचा का?" आप्पांनी धाकूच्या मिठीतूनच विचारलं.

"देवीनं दिला तो धरायचा," गुरव म्हणाला. त्याला जेवायला जायचं होतं.

लग्न ठरलं. आप्पा एवढंच म्हणाले, "मांडवात एक जरी घोटाळा झाला, तरी मुलीला घेऊन उठून जाईन. मग देवीला काय वाटायचं ते वाटो."

भिवा मास्तरांकडं गेला. "मास्तर, याला असं काहीतरी शिकवा की कुणाचं नुकसान होणार नाही."

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. मग धाकूला म्हणाले, "तू आता बरा खेळतोस. म्हणून नवं शिकवतो. हे मोठ्या मनाचं काम आहे. रिंगणात दोघं खेळताहेत. त्यातला एक दमला, घामाघूम झाला, हात थरथरताहेत. मग काय करायचं? आत जायचं. दोघांच्या मधे हात घालायचा. दमलेल्याला बाहेर काढायचं नि त्याचा डाव आपण घ्यायचा. त्यानं सांगायची वाट बघायची नाही. नि बाहेर गेलेल्यानं रागवायचं नाही. टाळ्या वाजवायच्या."

"समजलं मास्तर," धाकू म्हणाला. "आता चुकणार नाही."

लग्नाच्या दिवशी धाकू नवा सदरा घालून शांत उभा राहिला. आक्का शेजारून गेली, तेव्हा तिला हात दिला. तिनं घेतला नाही, पण दिला. आप्पा सुद्धा म्हणाले, "आज बरा दिसतोय."

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या. माणसं गोल उभी. टाळ्या वाजताहेत. वाजंत्री वाजताहेत. मधे दोघंजण समोरासमोर.

धाकूनं भिवाकडं बघितलं. भिवा घामाघूम. हातातला हार थरथरतोय. जागचा हलत नाही.

"दादा दमला," धाकू म्हणाला.

त्यानं हातांवर चाकासारखी एक कोलांटी मारली. थेट मधे जाऊन उभा राहिला. भिवाच्या पुढं हात धरला. शेवंतीनं डोळे मिटून हार टाकला होता. तो धाकूच्या गळ्यात पडला.

वाजंत्री थांबली.

"दादा, तू बाहेर हो," धाकू म्हणाला. "टाळ्या वाजव."

भिवानं हातातला हार काखेत मारला. त्यानं खरंच दोन टाळ्या वाजवल्या.

"उठा!" आप्पा गरजले. "शेवंते, चल! मोडलं लग्न!"

शेवंतीनं डोळे उघडले. धाकूला बघितलं. तिला हसू आवरेना. मुंडावळ्या कानावर आल्या. हसत हसत तिनं धाकूच्या गळ्यातला हार काढला आणि भिवाच्या गळ्यात घातला.

"आप्पा, हार माझा आहे," ती म्हणाली. "कुणाला घालायचा ते मी बघते. तुम्ही बसा."

आप्पा बसले.

मास्तरांनी धाकूला मांडवामागं ओढलं. "अरे मेल्या, माणसं आनंदात असताना मधे पडायचं नाही! माणूस रडकुंडीला आला, सोडवत नाही नि धरवतही नाही असं झालं, तर जावं. नि एकदा डाव घेतला की असा अर्ध्यावर सोडायचा नाही. पुरा करायचा."

"समजलं मास्तर. आता चुकणार नाही."

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. टेम्पोला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. भिवा पुढं बसला. त्याचा मित्र चालवणार होता. धाकू मागं बसला.

शेवंती आप्पांच्या पाया पडली. आप्पांनी तिचा हात धरला. मग सोडेनात. ती रडायला लागली. आप्पाही रडायला लागले. ती जायला वळायची, आप्पा हात ओढायचे. आप्पा हात सोडायचे, ती पुन्हा धरायची. सूर्य खाडीत टेकला. भिवाच्या घरी गृहप्रवेशाचा मुहूर्त टळत चालला. पण मधे पडायला कुणी धजेना.

धाकू टेम्पोतून उतरला. हळूच गेला. दोघांच्या मधे हात घातला. शेवंतीचा हात सोडवला, तिला भिवाशेजारी बसवलं, टेम्पोवर दोन थापा मारल्या नि मागं फिरला. मित्राला वाटलं, झालं सगळं. टेम्पो निघाला. वाजंत्री जोरात वाजली.

आप्पांनी डोळे पुसले. बघतात तर त्यांच्या हातात धाकूचा हात.

"तू नाही गेलास?"

"वहिनीचा डाव मी घेतला," धाकू म्हणाला. "तुम्ही रडू नका."

आप्पा ओट्यावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. तोवर धाकूनं पाणी भरलं. अंगण झाडलं. दिवा लावला. शेवंती करायची तसा चहा केला. साखर विसरला. आप्पांनी तो तसाच संपवला.

सकाळी भिवा धावत आला. "धाकू! अरे, रात्रभर शोधला तुला! चल घरी."

"नाही दादा. वहिनीचा डाव घेतलाय, तो पुरा झाल्याशिवाय येता येत नाही."

"कसला डाव? वहिनीचा? तो कधी पुरा व्हायचा?"

धाकूनं विचार केला. वहिनीचा इथला डाव कधी पुरा झाला, ते त्याला नीट आठवत होतं. कालच तर झाला होता.

तो आप्पांकडं वळला.

"आप्पा," तो म्हणाला, "तेवढं माझ्यासाठी एखादा मुलगा बघा लवकर. दादाला उशीर होतोय."