हुप्प्या, खार आणि पोपटाचे पिल्लू

ओढ्याकाठच्या उंबरावर एक हुप्प्या एकटाच राहत असे. एकदा वादळात पोपटाचे एक पिल्लू पंख मोडून त्या झाडाखाली पडले. हुप्प्याने ते अलगद उचलले, छातीशी धरले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "हे माझं पिल्लू बरं का! मला सापडलं!"

त्याच झाडाच्या ढोलीत एक खार राहत असे. हुप्प्या बाहेर गेला, की ती पिल्लाला पिकलेली उंबरे भरवी. हळूहळू पिल्लाला कंठ फुटला. पण ते हुप्प्यासारखे 'हुप' म्हणेना, खारीसारखे 'चिर्र चिर्र' करू लागले! मुलांनो, ते ऐकून हुप्प्या मत्सराने नुसता जळू लागला. "जीव वाचवला मी आणि हे गुण गाणार तिचे?" त्याने दात विचकून खारीला झाडावरून हुसकावले. तेवढ्याने समाधान होईना. पिल्लू तिच्यामागे जाईल या धास्तीने त्याने त्याचा पाय वेलीने फांदीला करकचून बांधला आणि तो तडक हत्तीण आजीकडे गेला. जंगलातले तंटे तीच सोडवत असे.

"आजी, पिल्लू माझ्या मालकीचं आहे. त्या खारीला बजावून सांग, पुन्हा त्याच्याजवळ फिरकायचं नाही!"

"ढोली मालकीची असते रे," हत्तीण म्हणाली, "पण आपल्या जंगलात जिवंत जिवाला मालक नसतो, पालक असतो. आणि पालकाला आम्ही हक्क विचारत नाही, पिल्लाची खुशाली विचारतो. सांग, आज त्यानं काय खाल्लं?"

खारीने काय काय केले ते सगळे हुप्प्याच्या ध्यानात होते. पिल्लाकडे मात्र त्याने पाहिलेच नव्हते.

"उद्या येते निवाडा करायला," हत्तीण म्हणाली.

तो परतला तेव्हा पिल्लू मान टाकून पडले होते. वेल पायात रुतली होती, पाय सुजून टम्म झाला होता. हुप्प्याच्या जाड बोटांना गाठ सुटेना. ओढावे तर पिल्लू किंचाळे. इथे बारीक दातच हवेत हे त्याला कळत होते, पण खारीकडे जायला त्याचे पाय जागचे हलेनात. मग पिल्लाने डोळे मिटले, तसा तो धावत सुटला.

खार पलीकडच्या जांभळीवर बसली होती.

"खारूताई, चल! माझ्या हातून घात झाला."

"आणि काम झालं की पुन्हा हाकलशील?"

"नाही हाकलणार. तू चल आधी!"

खारीने वेल कुरतडली. मोकळे झालेले पिल्लू धडपडत उठले आणि थेट खारीच्या शेपटीत शिरले. हुप्प्याचा जीव पुन्हा तसाच जळला. तरीही तो ओढ्यावर गेला, ओंजळीत गार पाणी घेऊन आला आणि पिल्लाच्या सुजलेल्या पायावर धरून बसला.

दुसऱ्या दिवशी हत्तीण आली. "बोल, खारीला काय सांगू?"

हुप्प्याने पिल्लाकडे पाहिले. "काही नको, आजी. तिला इथंच राहू दे. पिल्लाला तिच्याजवळ झोप लागते."

हत्तिणीने सोंड उंचावली आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असा निवाडा दिला, "आजपासून या पिल्लाचा पालक हुप्प्या!"

तात्पर्य : ज्याला जीव लावला, त्याच्यावर हक्क सांगू नये, त्याचे सुख पाहावे, मग ते सुख त्याला दुसऱ्याजवळ का मिळेना!